बेहड्याच्या ढोलीत ती बसली आहे : फाल्गुनातले पाच दिवस, गोवा

फेब्रुवारी सरता सरता मावशीचा फोन आला. "पांगारो फुल्लो गो बाय! कधी येतेस?" दरवर्षी ती एवढंच सांगते आणि मी रजेचा हिशेब मांडत बसते. यंदा मांडला नाही. मार्चच्या मध्यावर पाच दिवस काढले. कॅमेरा, १००-४०० ची लेन्स, ८ बाय ४२ ची दुर्बीण आणि मावशीसाठी भडंगाच्या दोन पिशव्या घेऊन सांगलीहून निघाले.

पक्षी बघायला लोक गोव्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जातात. ते बरोबरच आहे, पाहुणे पक्षी तेव्हा सगळ्यात जास्त असतात. मला मात्र फाल्गुन आवडतो. अर्ध्या झाडांची पानं गळलेली, त्यामुळे फांदीवरचा पक्षी मोकळा दिसतो. पांगारा, सावर, पळस फुललेले असतात. इथले पक्षी गायला लागलेले असतात, आणि परत जाणारे पाहुणे रंग बदलून तयार असतात. पण हाच घरट्यांचाही काळ. त्यामुळे या दिवसांत पक्ष्यांच्या मागे धावायचं नाही, एका झाडाखाली बसायचं, हे मी मनाशी पक्कं करून गेले होते.

दिवस पहिला : चोर्ला घाट, वाळपई

बेळगावहून चोर्लामार्गे येणारी बस दुपारी केरीला पोचली. मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, गाडी घेऊन उभा होता. घाटात वरच्या अंगाला सावरीची झाडं फुलली होती, पण बसच्या खिडकीतून मैना आणि कोतवालांचे नुसते ठिपके दिसले. दादाला म्हटलं, उद्या इथे परत येऊ. तो म्हणाला, "कशाला? घरामागे चल."

मावशीचं घर वाळपईपासून सात-आठ किलोमीटरवर, सत्तरी तालुक्यात. घर कौलारू आहे, मागे उताराला कुळागर. कुळागर म्हणजे सुपारी, माड, केळी, मिरवेली आणि जायफळ यांची एकात एक गुंतलेली बाग, मधून पाटाचं पाणी. बाहेर सदतीस अंश असले तरी आत शिरल्यावर ओला गारवा लागतो. पक्ष्यांनाही तो लागत असणार, कारण दुपारी तीनलासुद्धा तिथे शांतता नसते.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाटाजवळच्या पाचोळ्यात खसखस झाली. नवरंग! हिरवी पाठ, पोटाखाली लाल, डोळ्यांवरून काळा पट्टा, नऊ रंग मोजत बसावेत असा. शेपूट खालीवर हलवत तो पानं उलटत होता. जरा वेळाने पडक्या बांधावर चढून त्याने दोन सुरांची शीळ घातली. तमिळमध्ये याला 'आरुमणि कुरुवी', म्हणजे सहा वाजताचा पक्षी म्हणतात, कारण तो सकाळ-संध्याकाळ त्याच सुमाराला बोलतो. मी घड्याळ पाहिलं, सहा वाजून नऊ मिनिटं झाली होती. हिवाळा इकडे काढून हे पक्षी पावसाच्या तोंडावर विणीच्या जागी जातात, म्हणजे याचा मुक्काम आता थोड्याच दिवसांचा.

रात्री जेवायला मुगागाठी, कैरीच्या फोडी घातलेली बांगड्याची उडदमेथी आणि सोलकढी. दूर कुठेतरी शिगम्याचे ढोल वाजत होते. मावशी म्हणाली, "उद्या पहाटे माझ्याबरोबर ये. तुला एक दाखवायचं आहे. कॅमेरो आण, पण जवळ जायचं नाही हां."

दिवस दुसरा : बेहडा, पांगारा आणि निरंकाराची राय

कुळागराच्या वरच्या कडेला एक जुना बेहडा आहे. मावशीकडे त्याला घोटिंग म्हणतात. जमिनीपासून चाळीसेक फुटांवर, जिथे कधीकाळी मोठी फांदी मोडली होती, तिथे एक ढोली आहे. आम्ही खाली तीस मीटरवर केळीच्या गचपणाआड गोणपाट टाकून बसलो. मावशी चहाचा थर्मास घेऊन आली होती. तिने ढोलीकडे बोट केलं. मला आधी काहीच दिसलं नाही. दुर्बिणीतून पाहिलं तर तोंड लिंपून बंद केलेलं, आणि मध्ये बोटभर रुंदीची उभी फट.

"आत बाईल बसली आहे," मावशी कुजबुजली. "महाशिवरात्रीच्या आधीपासून."

सात वाजून दहा मिनिटांनी समोरच्या रानातून कोणीतरी खदाखदा हसल्यासारखा आवाज आला आणि मलबारी राखी धनेशाचा नर फांदीवर येऊन बसला. हा धनेश फक्त सह्याद्रीच्या रांगांत आढळतो, बाकी जगात कुठेही नाही. चोचीवर इतर धनेशांसारखं शिंग नसतं. अंग राखाडी, भुवई फिकट, चोच नारिंगी. आधी त्याने मान वळवून चारही बाजू पाहिल्या. पूर्ण दोन मिनिटं. मग ढोलीपाशी जाऊन खोडाला शेपटीचा टेकू दिला, मान झटकली आणि गळ्यातून एक फळ चोचीच्या टोकाला आणलं. फटीतून पिवळट चोचीचं टोक बाहेर आलं आणि फळ आत गेलं. परत झटका, परत फळ. मी अकरा मोजली, मावशी म्हणाली बारा. शेवटी एक पाल दिली. आत पिल्लं असली की नुसत्या फळांवर भागत नाही.

धनेशाची मादी अंडी घालायच्या आधी स्वतःला ढोलीत कोंडून घेते. विष्ठा आणि फळांचा चोथा यांनी तोंड लिंपते आणि पिल्लं तयार होईपर्यंत, अडीच-तीन महिने, आतच राहते. आत असतानाच तिची पिसं झडून नवी येतात, त्यामुळे मधल्या काळात ती धड उडूही शकत नाही. एवढ्या दिवसांत तिचं आणि पिल्लांचं खाणं त्या एका नरावर. तो घाबरून यायचा थांबला, तर आतल्यांनी खायचं काय? म्हणून तीस मीटर. म्हणून केळीचं गचपण. लेन्स ४०० ची असून फ्रेममध्ये नर लहान दिसतो, खोड मोठं दिसतं, आणि मला तो फोटो तसाच आवडला, कारण तो ज्या झाडावर जगतो ते झाडही त्यात आहे.

दहा वाजेपर्यंत त्याच्या पाच फेऱ्या झाल्या. मावशी रोज पाण्याची पाळी बघायला इथे येते, तेव्हा मोजते. तिच्याकडे दूधवाल्याच्या हिशेबाची वही आहे, तिच्या मागच्या पानांवर तारखा आणि आकडे. पक्ष्याचं नाव कुठेच नाही, वर फक्त 'घोटिंग' असं लिहिलेलं. मी पंधरा वर्षं पक्षी बघते आहे, पण एका ढोलीची अशी रोजची नोंद मी कधी ठेवलेली नाही.

न्याहारीला पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, उंडे आणि पातळ भाजी. मग घरामागचा पांगारा.

त्याच्याविषयी किती लिहू? एक पान नाही, नुसती लालभडक फुलं. मी त्याच्याखाली खुर्ची टाकून साडेदहा ते साडेबारा बसले आणि परत चार ते सहा. जांभळे शिंजीर होते, त्याहून चिमुकले लालपाठी शिंजीर होते. सोनेरी कपाळाचा हरेवा एका फांदीवर मालकी सांगत होता. मलबारी मैनांचा थवा आला. डोकं पांढरं, पोट तांबूस, अशी ही मैना आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या पट्ट्याची खास. चिमुकला लटकन पोपट फुलाला उलटा लटकून मध पीत होता, हिरव्या पानाएवढा, आणि त्या झाडावर पान नव्हतं म्हणूनच तो दिसला. तुईया पोपट फुलं नुसती कुरतडून खाली टाकत होते. भृंगराज आला की सगळे बाजूला सरायचे. शेपटीच्या दोन लांब तारा वाऱ्यावर सोडून तो एकेक फूल सावकाश चाखायचा. भोरड्यांचा एक गुलाबी-काळा थवा दुपारी पाच मिनिटं कलकलाट करून गेला. त्याही आता परतीच्या वाटेवर.

पांगाऱ्याच्या फुलात पातळ मध भरपूर असतो, आणि त्याच्या बदल्यात झाड पक्ष्यांकडून परागकण वाहून घेतं. दुर्बिणीतून बघा, मैनांची कपाळं पिवळी झालेली दिसतील. मी काढलेल्या तीनशे फोटोंतले सगळ्यात आवडते दोन त्याच पिवळ्या कपाळांचे आहेत.

फोटो काढणाऱ्यांसाठी इथे एक सांगते. लाल फूल उन्हात कॅमेऱ्याला फसवतं. पडद्यावर छान दिसतं, पण घरी येऊन बघावं तर पाकळीतला सगळा पोत गेलेला, नुसता लाल डाग. एक्स्पोजर अर्धा ते पाऊण स्टॉप खाली ठेवा. आणि सूर्य पाठीशी घेण्याच्या नादात झाडाभोवती फिरू नका. पंधरा मिनिटं न हलता बसलात की पक्षी तुम्हाला खुर्चीचाच भाग समजतात.

दुपारी ऊन उतरायच्या आधी दादाने बांबर गावच्या निरंकाराच्या रायीत नेलं. ही देवराई. कमरेइतक्या कमानींसारखी मुळं चिखलातून वर येऊन परत खाली गेलेली, जणू झाडांनी गुडघे वर काढलेत. रानजायफळाची ही दलदल सह्याद्रीत फार थोड्या ठिकाणी उरली आहे, आणि इथे ती राहिली कारण देवाच्या भीतीने कोणी फांदीही तोडली नाही. आम्ही तिथे बोललो नाही, फोटोही तीन-चारच काढले. पाण्याच्या धारेवर शीळकरी कस्तूर बसला होता, निळाकाळा. तो गायला नाही. पावसाच्या चाहुलीने तो खुलतो, तेव्हा पहाटे एखादा मुलगा निरुद्देश शीळ घालत चाललाय असं वाटतं.

सत्तरीत जाणाऱ्यांनी एक गोष्ट गांभीर्याने घ्या. इथे २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीतून पसरतो आणि डिसेंबर ते मे हाच त्याचा काळ, म्हणजे नेमके आपले पक्ष्यांचे दिवस. काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना त्याचा त्रास जास्त झाला आहे. पूर्ण बाह्या, पायमोजांत खोचलेली विजार, आणि पाचोळ्यावर थेट बसायचं नाही. आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. मावशीने मला गोणपाटावर बसवलं ते उगाच नव्हे.

परतताना शेजाऱ्यांच्या काजूच्या भट्टीवर थांबलो. बोंडं तुडवून झाल्यावर चोथ्याच्या ढिगातून आपोआप ठिबकणारा रस म्हणजे नीरो. मातीच्या भांड्यात गार केलेला एक पेला मिळाला. गोड, किंचित घशाला धरणारा. हे फक्त या दोन-तीन महिन्यांत आणि फक्त भट्टीवरच, बाटलीत भरून नेऊ म्हणाल तर संध्याकाळपर्यंत आंबतो.

दिवस तिसरा : तांबडी सुर्ला

पहाटे साडेपाचला निघून उजाडताना तांबडी सुर्लाला पोचलो. महादेवाचं देऊळ कदंबांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं, काळ्या पाषाणाचं. गोव्यात घरं जांभ्या दगडाची, त्यामुळे हा काळा दगड घाटावरून आणला असं मानतात. मागे लगेच डोंगर आणि भगवान महावीर अभयारण्याचं रान. मार्चमध्ये सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, पण देवळामागच्या रानात उजेड उतरायला साडेसात होतात. तोवर कॅमेरा पिशवीत ठेवून कान उघडे ठेवावेत. कुटुर्ग्यांचं कुटुर्र-कुटुर्र चारी बाजूंनी चालू होतं, राखी रानकोंबडा आरवत होता आणि वर कुठेतरी शेकरू खिंकाळत होतं.

वाटेच्या वळणावर सहा-सात जणांचा एक गट भेटला. मोठाल्या लेन्स, आणि एकाच्या हातात छोटा स्पीकर. मलबारी कर्ण्याची, म्हणजे ट्रोगनची, साद ते पुन्हा पुन्हा वाजवत होते. आणि नर आला. काळं डोकं, गळ्याशी पांढरी रेघ, खाली कुंकवासारखं लाल पोट. तो एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उडत होता, थांबत होता, साद घालत होता, पुन्हा उडत होता. क्लिकांचा पाऊस पडला.

मला ते बघवलं नाही. त्या सादेचा अर्थ त्याच्यासाठी एकच : माझ्या हद्दीत दुसरा नर घुसला. विणीच्या दिवसांत तो खाणं सोडून, घरट्याची राखण सोडून, नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. असे गट दिवसाला तीन आले तर त्याची सकाळ गेली. दादाने जाऊन शांतपणे सांगितलं, "भाऊ, त्याची पिल्लावळीची वेळ आहे, बंद करा." त्यांनी बंद केलं. एक मुलगी म्हणाली, "आम्हाला गाइडने सांगितलं, असंच बोलावतात." तिचा सूर खरा होता. वाईट वाटलं ते त्याचंच. गाइड घेणार असाल तर ठरवतानाच विचारा, आवाज वाजवता का? हो म्हणाला तर दुसरा शोधा. गावातले पक्षी ओळखणारे तरुण आता बरेच आहेत, आणि ते झाड दाखवतात, स्पीकर काढत नाहीत.

दुपारपर्यंत फार काही दिसलं नाही. देवळाच्या आवारातल्या सावलीत डबा खाल्ला : मावशीने दिलेल्या भाकऱ्या, सुकटाची चटणी आणि मिठात मुरलेल्या कैऱ्या.

खरा दिवस साडेतीननंतर सुरू झाला. देवळाजवळून वाहणारी नदी मार्चमध्ये आटून डबक्यांची माळ होते. खडकात फूटभर खोल अशा एका डबक्यापासून वीस पावलांवर, वेलीच्या पडद्याआड आम्ही बसलो. उन्हाळ्यात पक्षी झोपायला जायच्या आधी आंघोळ करतात, आणि पाण्याच्या जागा कमी होत जातात, हेच याचं सगळं गुपित.

पहिले आले लालकंठी बुलबुल. काळं डोकं, पिवळं अंग, गळ्यावर माणकाचा खडा ठेवल्यासारखा लाल ठिपका, पांढरे डोळे. गोव्याचा हा राज्यपक्षी, आणि हाही सह्याद्रीपुरताच. चौघं ओळीने फांदीवर बसायचे, एकेक पाण्यात झेप घेऊन परत ओळीत यायचा. मग निळे माशीमार, मग स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर. त्याची हातभर शेपटी पाण्याला टेकली की कागदाची पट्टी बुडवून वर काढावी तशी रेघ उमटायची. साडेपाचला नीलपरी आली, म्हणजे नर आला, आणि त्याच्या पाठीवरचा निळा रंग त्या अंधारलेल्या नाल्यात असा पेटला की मी बटण दाबायचं विसरले. पुढच्या खेपेला दाबलं. आयएसओ ३२००, शटर १/२५०, फोटोत दाणे आहेत पण निळा तो निळाच. घनदाट रानात याहून वेगवान शटर मिळत नाही, तेव्हा पक्षी थांबतो त्या क्षणाची वाट बघावी लागते.

आणि उठायच्या बेतात असताना पलीकडच्या काठावर कर्णा. सकाळचाच की दुसरा, कोण जाणे. वेलीच्या झोक्यावर बसला आणि आमच्याकडे पाठ केली. कर्णा असाच करतो, शंका आली की लाल पोट लपवून तपकिरी पाठ दाखवतो आणि झाडात मिसळून जातो. दहा मिनिटं आम्हीही तसेच. मग त्याने मान वळवली, एक किडा टिपायला उडाला आणि परतताना आमच्याकडे तोंड करून बसला. दादाने माझ्या दंडाला हात लावला. दोघंही काही बोललो नाही.

दिवस चौथा : चोडण आणि करमळी

मावशीचा निरोप घेऊन पणजीकडे निघालो. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की दहा मिनिटांत चोडण बेट. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य, १७८ हेक्टर खारफुटी. तिकीट काढून पायवाटेनेही जाता येतं, पण मला होडी हवी होती. होडीवाले काका साठीचे, बेटावरचेच. वल्ह्याचा आवाजही होऊ देत नव्हते.

इथे जाण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यावर तुताऱ्या, लाल पायांचे टिळवे आणि खेकडे, पण होडी आतल्या फाट्यांत शिरत नाही. भरतीला होडी आतवर जाते, चिखल मात्र झाकलेला. आम्ही ओहोटी संपून पाणी चढू लागलं तेव्हा निघालो, म्हणून दोन्ही मिळालं.

मला इथे एकच पक्षी बघायचा होता. पांढऱ्या गळपट्ट्याचा खंड्या. निळसर हिरवी पाठ, शुभ्र पोट. देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर तो रत्नागिरीपासून केरळपर्यंत, तोही तुरळक, खारफुटी शाबूत आहे तिथेच. सांगलीच्या बाईने त्याच्यासाठी किती वर्षं वाट पाहिली असेल! काकांनी तिसऱ्या वळणावर वल्हं उचललं आणि हनुवटीने दाखवलं. चिखलाच्या कडेला मुळावर तो बसला होता, चोचीत खेकडा. खेकडा त्याने मुळावर दोनदा आपटला, नांग्या गळून पडल्या, मग गिळला. पुढे काळ्या टोपीचा खंड्याही दिसला, तो हिवाळी पाहुणा, त्याचेही जायचे दिवस आलेले.

काका मध्येच म्हणाले, "मगर बघायची असली तर कुंभारजुव्याच्या खाडीत. आमच्याकडे तिची पूजा होते." दुर्भाटकडे पौषातल्या अमावस्येला चिखलाची मगर घडवून पुजतात, त्याला 'मानगे थापणी' म्हणतात. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, शेतीचे बांध नदीच्या पाण्यापासून शेत राखतात, आणि त्या बांधांवर, मानशीच्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या, दारांवर जगणाऱ्या माणसांनी नदीतल्या सगळ्यात दांडग्या जनावराशी असं नातं जोडलं. मी विचारलं, "भीती नाही वाटत?" काका म्हणाले, "वाटते म्हणून तर पूजा."

फेरीच्या धक्क्यावर मिरची भजी आणि चहा. मग दुपार टाळून चारला करमळीचं तळं, रेल्वे स्टेशनच्या जवळच. इथल्या पाण्यावर वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी भाताचं, पीक निघतं, त्यामुळे मार्चमध्ये तळं निम्म्यावर येतं. बदकांचे मोठे थवे गेलेले होते. उरल्या होत्या शिट्ट्या घालणाऱ्या अडया, काणूक बदकांच्या तीन जोड्या, जांभळ्या पाणकोंबड्या आणि गोगलगाई फोडत बसलेले उघड्या चोचीचे करकोचे. फोटोसाठी उजेड मऊ, पक्षी लांब. लेन्स ठेवून तासभर दुर्बिणीनेच बघितलं.

दिवस पाचवा : मोरजी

रात्र पणजीत काढून पहाटे मोरजीला, शापोरा नदीच्या मुखापाशी. दिवस चढला की किनारा माणसांचा होतो, तेव्हा सातच्या आत पोचायचं. रापणीचं मोठं जाळं ओढणारी माणसं दोरावर लागली होती, वर ब्राह्मणी घारी घिरट्या घालत होत्या, आणि सुरूच्या झाडावर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. वाळूत कासवाच्या घरट्याभोवती वनखात्याने कुंपण केलं होतं, त्याला वळसा घालून पुढे गेलो.

नदीच्या टोकाला कुरव, सुरय आणि चिखल्यांचा थवा, सगळे वाऱ्याकडे तोंड करून. हिवाळ्यात हे छोटे चिखले राखी-पांढरे असतात, एकाला पाहिलं की शंभरांना पाहिल्यासारखं. पण आता त्यांतल्या निम्म्यांच्या छातीवर विटकरी रंग चढत होता. काहींचा पूर्ण, काहींचा फक्त कडेला, काहींच्या डोळ्यांवर काळा पट्टा अर्धाच. काही आठवड्यांत हे लडाख-तिबेटच्या पठारांवर असतील, जिथे बर्फ नुकतं वितळत असेल.

मी ओल्या वाळूत पोटावर पडले, कॅमेऱ्याखाली तांदळाची छोटी पिशवी, आणि वाट बघितली. थव्याकडे सरकत गेलं तर तो उडतो, मग पुन्हा बसतो, पुन्हा उडतो, आणि लांबच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी त्यातच जाते. एक कुत्रा येऊन थवा उडवून गेलाच. वीस मिनिटांनी ते परत बसले, आणि लाटेच्या मागे पळता पळता त्यांतला एक विटकरी छातीचा माझ्यापासून चार हातांवर आला. एवढ्या जवळून त्याच्या छातीवरचं एकेक नवं पीस मोजता येत होतं.

नऊला दादाने सावंतवाडीला सोडलं. तिथून आंबोली घाटाने घरी.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मावशीचा फोन आला. मागे काजूच्या बिया भाजल्याचा तडतडाट ऐकू येत होता.

"अगो, घोटिंगावरचं दार फुटलं. सकाळी बघितलं तर ढोली उघडी."

"आणि ती?"

"ती वरच्या फांदीवर. बाजूला दोन छोटे. तिसरा होता की नव्हता, ते पानात दिसलं नाही. वहीत दोन लिहिलंय. उद्या परत बघते."